नवं ब्लेड लावूनही काचेवर तोच ओला पट्टा: वायपरचा दोष ओळखणं आणि योग्य ब्लेड निवडणं

नवं ब्लेड लावलं की पहिले काही दिवस काच लख्ख पुसली जाते. मग एखाद्या संध्याकाळी पाऊस लागतो, समोरून दिव्यांचा झोत येतो आणि नेमका डोळ्यांसमोर चार बोटं रुंदीचा पट्टा ओलाच राहिलेला दिसतो. पुन्हा दुकान, पुन्हा नवं ब्लेड, काही दिवसांनी पुन्हा तोच पट्टा. माझ्या गाडीत हे एका वर्षात तीनदा झालं. पावसात, अंधारात, समोरचा माणूस रस्ता ओलांडतोय की नाही हे त्या पट्ट्याआडून कळत नाही, तेव्हा वाटणारी भीती मी विसरलेलो नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

तिसऱ्या वेळी मी ब्लेड घेण्याआधी काचेच्या आतल्या बाजूने, पट्टा जिथे राहतो तिथे, कागदी चिकटपट्टीचे दोन तुकडे लावून ठेवले. नवं ब्लेड बसवलं, तेही दुसऱ्या कंपनीचं. दोन आठवड्यांनी पट्टा परत आला, आणि तो त्या दोन तुकड्यांच्या मधेच होता. ब्लेड बदललं पण पट्ट्याची जागा बदलली नाही. म्हणजे दोष ब्लेडसोबत येत नव्हता, गाडीतच बसून होता.

ही कसोटी सगळ्यांनी आधी करावी. खूण आतून करायची, बाहेरून नाही, नाहीतर ब्लेड तिच्यावर अडखळेल. ब्लेड बदलल्यावर दोष हलला किंवा गेला, तर ब्लेड दोषी. तिथेच राहिला, तर आर्म (ब्लेड धरून फिरवणारा लोखंडी दांडा) किंवा काच. दोन्ही बाजूंची ब्लेडं एकाच लांबीची असतील तर नवं काही विकत न घेता, त्यांची अदलाबदल करूनही हे कळतं.

काचेवरची खूण काय सांगते

रबराची जी कड काचेला टेकते ती फार बारीक असते, आणि ती उभी राहून पुसत नाही. ब्लेड उजवीकडे जाताना कड डावीकडे कलते, डावीकडे येताना उजवीकडे. म्हणजे ती नेहमी मागून ओढली जाते. फेरी संपून दिशा बदलली की ती दुसऱ्या अंगावर पलटते. प्रत्येक टोकाला ऐकू येणारा हलका 'टक' हा त्या पलटण्याचा आवाज, आणि तो चांगल्या रबराचाही येतो. पलटता यावं म्हणून कडेच्या वर रबराला एक बारीक मान दिलेली असते. उन्हाने, हवेतल्या ओझोनने ती मान कडक होते. गाडी बरेच दिवस एकाच जागी उभी राहिली तर ती एका बाजूला वाकते आणि तशीच बसते. मग एका दिशेला कड ओढली जाण्याऐवजी पुढे ढकलली जाते. ती अडकते, सुटते, पुन्हा अडकते. काचेवर जी थरथर दिसते आणि ऐकू येते, ती हीच.

म्हणून थरथर आली की पहिला प्रश्न हा: दोन्ही दिशांना येते की एकाच? एकाच दिशेला येत असेल तर एकतर रबराची मान वाकून बसली आहे, किंवा आर्मला पीळ पडला आहे. नव्या ब्लेडलाही त्याच दिशेला थरथर असेल तर आर्मच. दोन्ही दिशांना येत असेल तर बहुतेक वेळा काच दोषी असते, म्हणजे तिच्यावर वॅक्स, तेल किंवा पाणी झटकणारं कोटिंग आहे. काच जेमतेम ओली असतानाही थरथर येते, पण ती पाऊस वाढला की जाते. त्यासाठी काही बदलायची गरज नाही, वायपरचा वेग कमी करा किंवा थोडं वॉशरचं पाणी मारा.

दोऱ्याएवढी बारीक, कमानीसारखी रेघ असेल तर कडेखाली कचरा अडकलाय किंवा कडेला चीर पडलीय. ओल्या सुती फडक्याने कड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुसा आणि पुन्हा बघा. रेघ गेली तर कचरा होता. राहिली तर बोट हलकेच फिरवून चीर शोधा, आणि सापडली तर त्या रबराचे दिवस संपले.

ब्लेड पुढे सरकल्यावर मागे धुरकट पडदा राहतो आणि एक-दोन सेकंदांत विरतो, हा तेलकट थर आहे. लोक बरीच ब्लेडं या एका कारणासाठी वाया घालवतात, आणि त्याचा ब्लेडशी बहुतेकदा काहीच संबंध नसतो. रस्त्यावरचं तेल, पुढच्या गाड्यांचा धूर, गाडी धुताना वापरलेलं वॅक्स, सगळं काचेवर बसतं. कधी कधी पडदा काचेच्या आतून असतो, डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून उन्हात निघणाऱ्या वाफेचा. आतून बोट फिरवलं आणि रेघ उमटली तर आधी आतली बाजू पुसा.

रात्री समोरच्या दिव्यात काचभर असंख्य बारीक ठिणग्या चमकल्यासारख्या दिसत असतील तर ते वाळूने, खड्यांनी पडलेले टोचे आहेत. कुठलंच ब्लेड ते पुसू शकत नाही.

हळू चालवताना काच स्वच्छ, आणि वेग वाढला की ब्लेडचं वरचं टोक काम सोडतं, असं असेल तर वारा ब्लेडला उचलतोय. इथे ब्लेडचा प्रकार बदलून खरोखर फरक पडतो.

आणि रुंद पट्टा. रुंद पट्ट्याचा अर्थ एकच, तिथे दाब पोचत नाहीये. आता प्रश्न का पोचत नाही, हा.

दाब कुठे हरवतो

अमेरिकेतल्या मेरी अँडरसन यांना १९०३ साली वायपरचं पेटंट मिळालं. त्यांचा वायपर गाडीच्या आतून हाताने दांडा फिरवून चालायचा, पण रबर काचेला टेकून राहावं यासाठी त्यांनी त्याला वजनाचा भार जोडला होता. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. पुसण्याचं काम रबर करतं खरं, पण रबराला काम करायला लावतो तो दाब, हे पहिल्यापासून ठाऊक होतं. आज ते काम आर्ममधली स्प्रिंग करते. ब्लेडच्या प्रत्येक सेंटिमीटरला साधारण १५ ग्रॅम एवढा भार लागतो. म्हणजे ६० सेंटिमीटरच्या ब्लेडला ९०० ग्रॅमच्या आसपास.

हे घरी मोजता येतं. सामान तोलायचा छोटा काटा असतो ना, हूकवाला, तो आर्मला जिथे ब्लेड जोडलेलं आहे तिथे अडकवायचा आणि काचेच्या काटकोनात हळूहळू ओढायचं. ब्लेड काचेपासून सुटतं त्या क्षणी काटा काय दाखवतो ते वाचायचं. माझ्या ड्रायव्हर बाजूच्या आर्मने अर्धा किलोच्या आतच ब्लेड सोडलं. दुसऱ्या बाजूचं ब्लेड लांबीने कमी, तरी त्याचा भार जास्त होता. इथे माझा शोध संपला.

कारण सापडलं आर्मच्या बुडाशी. आर्म काचेपासून उचलताना जिथे दुमडतो, त्या सांध्यात धूळ आणि गंज भरून तो आखडला होता. स्प्रिंग चांगली होती, पण तिचा जोर सांध्यातच खर्च होत होता. माझं ब्लेड फ्लॅट प्रकारचं होतं, म्हणजे आत पोलादी पट्टी असलेलं. ती पट्टी काचेपेक्षा जास्त वाकवलेली असते, मधोमध आर्मचा भार पडला की ती सपाट होत जाते आणि पूर्ण लांबी काचेला टेकते. भार कमी पडला तर टोकं टेकतात आणि मधला भाग अधांतरी राहतो. ब्लेडचा मधला भाग नेमका ड्रायव्हरच्या नजरेसमोरून फिरतो. म्हणून पट्टा तिथेच.

आणि दर वेळी नवं ब्लेड काही दिवस नीट का चालायचं, त्याचंही उत्तर मिळालं. ब्लेड बदलताना आर्म दोन-चार वेळा उचलला, टेकवला जातो. त्या हालचालीने आखडलेला सांधा थोडा मोकळा होतो. मग पाणी आणि धूळ जाऊन तो परत आखडतो. श्रेय ब्लेडला जायचं, दोषही ब्लेडलाच.

उपाय साधा होता. आर्म उचलून सांधा ब्रशने साफ केला, गंज सोडवणारं तेल मारून वीस-पंचवीस वेळा वर-खाली केला, वाहून आलेला मळ पुसला, शेवटी थोडं ग्रीस. तेल काचेवर आणि रबरावर उडू नये म्हणून खाली फडकं धरलं. पुन्हा काटा लावला तर नऊशेच्या जवळ. तेच तिसरं ब्लेड, जे मी फेकायला निघालो होतो, त्याने काच पूर्ण पुसली. सांधा मोकळा असूनही भार कमीच भरत असेल तर स्प्रिंग थकली आहे. तेव्हा आर्म बदलायचा. स्प्रिंग ताणून किंवा आर्म हाताने वाकवून जोर आणायचा प्रयत्न करू नका.

आर्मचा पीळ तपासायचा असेल तर वायपर अर्ध्या फेरीत असताना गाडीचा स्विच बंद करा, म्हणजे आर्म काचेच्या मधोमध थांबेल. ब्लेड काढा, काचेवर जाड टॉवेल ठेवा आणि आर्मच्या टोकाकडून बघा. टोकाचा चपटा भाग काचेला समांतर दिसला पाहिजे. तो एका बाजूला कललेला असेल तर रबर काचेवर तिरकं उभं राहतं आणि एका दिशेला थरथरतं. धुताना कुणी आर्मला धरून ओढलं, किंवा मशीनच्या ब्रशमध्ये तो अडकला, तरी असा पीळ पडतो. दोन पान्यांमध्ये फडकं गुंडाळून टोक धरून तो किंचित सरळ करता येतो, पण हे अनुभवी मेकॅनिककडून करून घ्या. काचेवर जोर पडला तर नुकसान ब्लेडच्या कितीतरी पट होतं.

काच आधी धुवा, खरेदी नंतर

काच स्वच्छ आहे की नाही हे नजरेने कळत नाही, पाण्याने कळतं. काचेवर वरून पाणी सोडा. ते एका सलग पदरासारखं उतरलं तर काच स्वच्छ. मधेच पदर फाटून कुठे थेंब, कुठे कोरडी बेटं असं झालं तर तिथे काहीतरी बसलेलं आहे. मुद्दाम कोटिंग लावलेल्या काचेवर सगळीकडे सारखे थेंब होतील, ते वेगळं. बेटं बेटं दिसणं वाईट, कारण रबर एका क्षणी घसरतं आणि पुढच्या क्षणी चिकटतं.

गाडीच्या शाम्पूने धुऊन, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून बराचसा तेलकट थर जातो. नखाला खरखरीत लागणारे डाग गाडीच्या क्ले बारने (मळ ओढून घेणारी मातीसारखी मऊ वडी), भरपूर पाणी ठेवून, काढायचे. पांढरट क्षारांच्या डागांना व्हिनेगर चालतं, फक्त ते रंगावर आणि रबरावर वाळू देऊ नका. इतकं करूनही पाणी फाटत असेल तर सेरियम ऑक्साइडचं काचेचं पॉलिश हाताने लावा. भांडी घासायच्या पावडरी आणि घासण्या काचेला लावू नका, त्यांचे ओरखडे कायमचे राहतात.

एक जागा जवळजवळ सगळेच विसरतात: ब्लेड जिथे विसावतं त्याच्या खालची पट्टी. गाडी धुताना ब्लेड उचललं नाही तर तिथला मळ तसाच राहतो आणि पहिल्या फेरीला ब्लेड तोच मळ काचभर ओढून नेतं. खालच्या जाळीत अडकलेली पानंही काढा. वॉशरच्या टाकीत भांड्यांचा साबण घालायची सवय असेल तर सोडा, तो फेस करतो आणि काचेवर थर ठेवतो.

इथपर्यंत आल्यावर बऱ्याच लोकांना ब्लेड घ्यावंच लागणार नाही. बाकीच्यांसाठी पुढचं.

लांबी पाकिटावरून नाही, काचेवरून

रबराची लांबी टोकापासून टोकापर्यंत मोजा, बाहेरची प्लास्टिकची टोपी धरू नका. आकडे बहुधा इंचांत सांगितले जातात आणि मिलिमीटरमध्ये गोल केले जातात: १६ इंच म्हणजे ४००, १८ म्हणजे ४५०, २० म्हणजे ५००, २२ म्हणजे ५५०, २४ म्हणजे ६००, २६ म्हणजे ६५०. काटेकोर गणिताने २४ इंच ६१० मिलिमीटर होतात, त्यामुळे टेप थोडं वेगळं दाखवेल. त्याची काळजी नको.

ड्रायव्हर बाजूचं ब्लेड सहसा लांब आणि शेजारचं आखूड असतं, दोन्ही वेगवेगळे मोजा. गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत माप असेल तर ते सर्वांत विश्वासाचं. पण एकाच नावाच्या गाडीची दोन वेगळ्या वर्षांची मापं वेगळी असू शकतात. स्टिअरिंग डावीकडे असलेल्या देशांची यादी उजव्या स्टिअरिंगच्या गाडीला जशीच्या तशी लागेल असंही नाही. गाडी जुनी घेतली असेल तर आधीच्या मालकाने चुकीचं माप लावलेलं असण्याची शक्यता धरा. धुळकट काचेवर वायपरची एक फेरी मारून कमान बघा: तिने काचेच्या कडेच्या अलीकडे थांबलं पाहिजे, आणि दोन ब्लेडं एकमेकांना शिवता कामा नयेत.

'एक साइज मोठं घ्या, जास्त काच पुसली जाईल' हा सल्ला मी स्वतः ऐकला आहे आणि तो चुकीचा आहे. स्प्रिंगचा जोर तेवढाच राहतो, तो जास्त लांबीवर वाटला जातो, म्हणजे प्रत्येक सेंटिमीटरला कमी येतो. वर टोक काचेच्या कडेवर किंवा खांबावर आपटतं, मोटरवर ताण येतो. नेमकं माप मिळालंच नाही तर एक इंच आखूड घ्या, लांब नको.

हूक: इथे घाई करू नका

लांबी बरोबर असूनही ब्लेड बसत नाही, किंवा बसतं पण हलतं, यामागे जोडणी असते. सर्वांत जास्त गाड्यांना इंग्रजी 'जे' अक्षरासारखा वळलेला हूक असतो. त्यातही ९×३ आणि ९×४ अशी मापं आहेत, पहिला आकडा पट्टीची रुंदी आणि दुसरा जाडी, मिलिमीटरमध्ये. बाकीच्यांत बाजूने खिळा घुसणारी जोडणी, बटण दाबून निघणारी, दोन बाजूंनी चिमटीत धरून काढायची, आणि सरळ पट्टी आत सरकणारी असे प्रकार येतात. नावं पाठ करायची गरज नाही. ब्लेड काढून आर्मच्या टोकाचा फोटो वरून आणि बाजूने काढा, रुंदी मोजा आणि तो फोटो दाखवून ब्लेड घ्या.

पाकिटात तीन-चार अडॅप्टर येतात म्हणजे ते सगळीकडे चालतं, असं समजू नका. बसवल्यावर ब्लेड मधोमध धरून बाजूला हलवून बघा. वर-खाली झुलायला हवं, डावी-उजवीकडे डुलायला नको. डुलत असेल तर अडॅप्टर चुकीचा आहे. ब्लेड चालू फेरीत निसटलं तर आर्मचं उघडं लोखंड काचेवर घासतं, आणि एका फेरीत काच कायमची बिघडते.

फ्रेम, फ्लॅट की हायब्रिड

जुन्या पद्धतीच्या फ्रेमच्या ब्लेडला लोक कमी लेखतात, ते मला पटत नाही. त्यात तराजूच्या दांडीसारख्या छोट्या दांड्या एकीखाली एक जोडलेल्या असतात. वरचा जोर मोठ्या दांडीतून दोन भागांत, त्यातून पुढे आणखी भागांत वाटला जातो, आणि रबर अनेक ठिकाणी धरलं जातं. काचेचा बाक कसाही असो, दांड्या आपापल्या जागी झुलून जुळवून घेतात. जुन्या, जास्त बाकाच्या काचांना हे ब्लेड बरेचदा फ्लॅटपेक्षा चांगलं पुसतं. त्याचे दोष असे की सांधे गंजतात, बर्फ पडत असेल तर सांध्यांत गोठून बसतो, आणि वेगात वारा उघड्या दांड्यांखाली शिरून ब्लेड उचलतो.

फ्लॅट ब्लेडला सांधे नाहीत. वाऱ्याच्या जोराने ब्लेड काचेवर दाबणारी तिरकी पाळ त्याच्या अंगचीच असते, त्यामुळे ते वेगात टेकून राहतं. पण त्याचा बाक कारखान्यात ठरलेला असतो. काचेच्या बाकाशी तो जुळला नाही तर टोकं उघडी राहतात किंवा मध्य उघडा राहतो. म्हणून गाडीला मुळात फ्लॅट आलं असेल तर फ्लॅटच घ्या. मुळात फ्रेम असेल आणि बदलायचं असेल तर बसवल्यावर कोरड्या काचेवर न फिरवता फक्त टेकवून बघा. बाजूने डोळा काचेच्या पातळीला आणून पाहिलं की कुठे फट आहे ते दिसतं. हायब्रिड म्हणजे फ्रेमच्या दांड्यांवर प्लास्टिकचं आवरण. फ्रेमचं जुळवून घेणं आणि वाऱ्याला कमी दाद देणं, दोन्ही थोडं थोडं मिळतं. वरची पाळ एकाच बाजूला तिरकी असेल तर ती वारा येतो त्या बाजूला हवी, उलट बसवली तर ती ब्लेड उचलायलाच मदत करेल.

फ्रेम धडधाकट असेल तर नुसतं रबर बदलणं हा सर्वांत शहाणपणाचा मार्ग. जुनं रबर सोबत न्या, लांबीइतकीच रुंदी आणि खाचेचा आकार जुळला पाहिजे. जुन्या रबरातल्या दोन पोलादी पट्ट्या नव्यात घालाव्या लागल्या तर त्यांचा बाक आणि खाचा आधी होत्या तशाच ठेवा. शेवटचा खटका रबराच्या खाचेत बसला नाही तर रबर चालता चालता बाहेर सरकतं.

रबर कुठलं

नैसर्गिक रबर मऊ असतं, थंडीतही छान वाकतं, पण ऊन आणि ओझोन त्याला लवकर तडकवतात. ईपीडीएम हे कृत्रिम रबर ऊन जास्त सोसतं. बऱ्याच ब्लेडांच्या कडेवर ग्रॅफाइटचा काळा थर असतो, तो घर्षण कमी करतो. नव्या ब्लेडची कड पुसल्यावर फडकं काळं झालं तर रबर खराब आहे असं नव्हे, तो हाच थर. अल्कोहोलने घासून तो काढू नका.

सिलिकॉनची ब्लेडं जास्त टिकतात आणि काचेवर पाणी झटकणारा पातळ थर सोडत जातात. पण ती मळक्या काचेवर लावली तर थरथरतात आणि लोक त्यांना नावं ठेवतात. सिलिकॉन लावायचं असेल तर वरची पाण्याच्या पदराची परीक्षा काचेने आधी पास केलीच पाहिजे. काचेवर पाणी झटकणारं कोटिंग असेल आणि साधं रबर थरथरत असेल तर ग्रॅफाइटच्या थराचं किंवा सिलिकॉनचं ब्लेड वापरून बघण्यासारखं आहे.

घेताना पाकीट वाकलेलं नको, रबर एका बाजूला दबलेलं नको. बोटाने कड एकदा इकडे, एकदा तिकडे कलवा. दोन्हीकडे सारखी कलून परत सरळ आली पाहिजे. वर्षानुवर्षं फळीवर पडून राहिलेलं ब्लेड न वापरताच म्हातारं झालेलं असतं.

बसवताना

ब्लेड काढल्याबरोबर काचेवर दुमडलेला टॉवेल ठेवा, मगच पुढचं. ब्लेडविना आर्म हातातून सुटला तर उघडं लोखंड स्प्रिंगच्या पूर्ण जोराने काचेवर पडतं आणि काच तडकू शकते. काही गाड्यांत आर्म बॉनेटच्या कडेखाली दडलेले असतात, ते तसेच उचलले तर रंग उडतो. अशा गाड्यांत बहुधा स्विच बंद केल्यावर लगेच वायपरची दांडी दाबून धरली की आर्म वर येऊन थांबतात. नेमकी पद्धत पुस्तिकेत असते.

रबराच्या कडेवर पिवळी, निळी किंवा पारदर्शक प्लास्टिकची पट्टी असेल तर ती संरक्षणासाठी असते, ती काढायची. तशीच ठेवून पाऊसभर फिरलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत, आणि तक्रार 'नवं ब्लेड पुसतच नाही' हीच असते. खटका बसल्याचा आवाज आला पाहिजे, त्यानंतर ब्लेड खाली ओढून बघा. मग काच ओली करून वेगवेगळ्या वेगांवर फिरवा. कोरड्या काचेवर चाचणी घेऊ नका.

साधारण सहा महिन्यांनी कड तपासा आणि वर्षभराने बदलायची तयारी ठेवा. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीला आधीच लागेल. वायपर अर्ध्यावर असताना गाडी बंद करून सोडून जाऊ नका, त्याला आपल्या जागी विसावू द्या. मागच्या काचेच्या वायपरचं माप आणि जोडणी पुढच्यापेक्षा अगदी वेगळी असते, त्याचा फोटो वेगळा काढा.

जुनं ब्लेड मात्र पहिला जोराचा पाऊस होईपर्यंत ठेवून द्या. त्या पावसात आतल्या चिकटपट्टीच्या खुणांमधून बघा. पट्टा परत तिथेच दिसला तर जुनं ब्लेड लावून तुलना करा आणि काटा घेऊन आर्मकडे वळा.